ज्वारीत टांगण्याआधी एकदा वाजवून पाहा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोळ्याच्या सुमारास आपल्या रविवारच्या पुरवणीत शेतीच्या पानावर एक फोटो आला होता. ज्वारीच्या वावरात दोरीला जुन्या सीड्या टांगलेल्या, आणि खाली ओळ होती की उन्हात चकाकतात, पाखरं भितात, खर्च काही नाही. माहिती खोटी नाही. आमच्याकडची पाखरं चार दिवस भ्यायली. पाचव्या दिवशी त्याच दोरीवर बसून कणसाकडे मान वाकडी करून पाहत होती. पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. त्या फोटोमुळे आमच्या घरी जे झालं ते सांगायचं आहे. दोष आपला नाही, माझाच आहे, हे आधीच लिहून ठेवतो.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात टेलर आहे. वय चौसष्ट. तीन एकर कोरडवाहू वावर, बाकी पोट पायमशीनवर. जून-जुलैत शाळेचे गणवेश, दिवाळीला शर्ट-पँट, लग्नसराईत ब्लाउज; वर्षभर बसूनच काम. बसणाऱ्याला कानाला काहीतरी लागतं. म्हणून रेडिओ झाला, टेप झाला आणि आजवर मोजून पाच सीडी प्लेअर झाले. गावात दुसऱ्या कोणाकडे एवढे झाले नसतील. बायको म्हणते, "तेवढ्यात एक म्हैस आली असती." हिशेब करून पाहिला, म्हैस आली नसती. शेळ्या आल्या असत्या.

पहिला आला १९९८ साली. दारव्ह्याला बँकेत एक साहेब होते, त्यांचे कपडे माझ्याकडे. बदली झाली तेव्हा सामान कमी करत होते. त्यात एक थ्री-इन-वन होता, म्हणजे रेडिओ, कॅसेट आणि वर झाकण उघडून सीडी ठेवायची सोय. अठराशे रुपये सांगितले. माझ्याजवळ सातशे होते. उरलेल्यात दोन सफारी आणि चार शर्टांची शिलाई वळती करायची असं ठरलं. कापड साहेबांचं, दोरा-अस्तर-बटणं माझी. साहेबांनी सोबत तीन सीड्या फुकट दिल्या, कारण तेव्हा दारव्ह्यात सीडी मिळायचीच नाही आणि यवतमाळला मिळाली तरी एका सीडीच्या पैशात चार-पाच कॅसेटी यायच्या. त्या तीन सीड्या मी दोन वर्षं वाजवल्या. गिऱ्हाइकांना पाठ झाल्या. एक म्हातारा तर गाणं सुरू व्हायच्या आधीच पुढचं कोणतं ते सांगायचा.

गाव ती चकती पाहायला यायचं. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ती काढली आणि १९८२ साली जपानात पहिला प्लेअर विकायला आला. म्हणजे आमच्या गावापर्यंत यायला तिला सोळा वर्षं लागली, तीही सेकंडहँड. "याच्यात सुई कुठी हाय?" हा पहिला प्रश्न. सुई नसते, लाल-निळा नाही असा न दिसणारा उजेड असतो, तो खालून चकतीवर पडतो आणि परत येतो, त्या परत येण्यातून गाणं वाचतात, असं साहेबांनी मला सांगितलं होतं, तसंच मी गावाला सांगायचो. अर्ध्यांना पटायचं. अर्धे झाकण उघडून आत वाकून बघायचे. तो उजेड डोळ्याला दिसत नाही म्हणून तो नसतोच असं नाही, तेव्हा आत पाहू नये, हे मला फार उशिरा कळलं. नशीब, झाकण उघडलं की तो बंद होतो. तशी बारीक कळ असते त्यात.

त्या कळीचीही एक गोष्ट आहे. तीन वर्षांत झाकणाचा खटका तुटला. झाकण अर्धा दोरा वर राहायचं आणि चकती फिरायचीच नाही. मी आधी वर अर्ध्या किलोचं माप ठेवलं. मग इस्त्री ठेवली, थंड असलेली. इस्त्री लागली की प्लेअर बंद, प्लेअर लागला की इस्त्री अडकलेली, धंद्याची पंचाईत. शेवटी दारव्ह्याच्या मिस्त्रीने कळीच्या भोकात आगपेटीची काडी खुपसून दिली आणि म्हणाला, "आता झाकण उघडं असलं तरी वाजते, पण डोकावू नको बाप्पा." ती काडी आजही तिथेच आहे. माप परत वाण्याकडे गेलं.

सीडीबद्दल जे काही मला कळतं ते या मिस्त्रीकडून आणि नंतर मुलाच्या डिप्लोमाच्या पुस्तकातून. त्यातली एक गोष्ट टेलर म्हणून माझ्या डोक्यातून जात नाही. मी इंचाला बारा टाके घालतो, चांगल्या शर्टाला चौदा. सीडीवर ज्या ओळी असतात त्या एका मिलिमीटरात सहाशेच्या वर बसतात. इंचाचा हिशेब केला तर पंधरा हजारांच्या वर. सप्तरंग दिसतात ते त्या ओळींमुळेच. आणि त्या वेगवेगळ्या ओळी नाहीतच, रिळाला गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी सगळी मिळून एकच ओळ आहे. भरलेल्या सीडीवरची ती ओळ उलगडली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाते. माझ्या दुकानापासून फाट्यावर जाऊन परत यायला पाच किलोमीटर होतात. एका गोल चकतीत एवढा दोरा!

दुसरी गोष्ट पुढे कामी येणार आहे म्हणून इथेच सांगतो. जुन्या तबकडीवर सुई बाहेरून आत यायची. सीडी उलटी. ती आतून सुरू होते आणि बाहेर येत जाते. पहिलं गाणं भोकाजवळ, शेवटचं काठाकडे.

दुसरा प्लेअर २००३चा, व्हीसीडीचा. यवतमाळला घेतला आणि शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीने आणला, तेव्हा ती धावत होती. बसमध्ये दणके बसतील अशी धास्ती होती, आणि शकुंतलाचा वेग असा की दणका बसायचा प्रश्नच नव्हता. दारव्हा मोतीबागला उतरेपर्यंत खोका मांडीवर होता. खोक्यावर जपानी वाटेल असं नाव, आत मात्र चिनी माल आणि दिल्लीची जोडणी. घरी येऊन पाहतो तर आमच्या टीव्हीला मागे त्याची पिनच नव्हती. केबलवाल्याने एक डबी दिली, तिच्यातून अँटिनाच्या वायरीने चित्र आणलं. रंगीत सिनेमा आमच्या टीव्हीवर काळा-पांढरा दिसायचा. कोणाची तक्रार नव्हती.

त्या दिवसांबद्दल लिहायला बसलो तर आपलं पान पुरणार नाही. एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपास चित्र मावायचं, म्हणून सिनेमा दोन चकत्यांवर यायचा, लांब असला तर तीनवर. चकती बदलायची तेव्हा इंटरवल. बाया तेवढ्यात घरी जाऊन भाकरी टाकून यायच्या. बाजारात हातगाडीवर मिळणाऱ्या सीड्यांवर ओरखडे एवढे की खलनायक बोलता बोलता चौकोन-चौकोन व्हायचा. मग पोट्टे ओरडायचे, "पुसा, पुसा!" आणि कोणीतरी सीडी काढून धोतराला गोल-गोल फिरवून पुसायचं. ते गोल पुसणंच वाईट. भोकापासून काठाकडे सरळ पुसावी. आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, कारण पुसलं गेलेलं आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढायची सोय सीडीत आहे. दोन-अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता तिला पुढे जाता येतं. पण ओळीच्या दिशेनेच ओरखडा गेला तर दोरा उसवत जावा तसं होतं.

आणि लाइट. त्या वर्षांत खेड्यांत बारा-बारा तास लाइट नसायची, हे आपल्या शहरातल्या वाचकांना आठवत नसेल, इकडच्यांना आठवतं. ट्रॅक्टरची बॅटरी आणून टीव्ही चालवलेला आहे. एकदा सिनेमाच्या शेवटच्या मारामारीत बॅटरी बसली आणि चित्र लहान होत-होत बिंदू झालं. ट्रॅक्टरवाल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे ढकलगाडी करून ट्रॅक्टर सुरू करावा लागला. त्याने महिनाभर माझ्याकडे कपडे टाकले नाहीत.

याच प्लेअरचा सीडीचा कप्पा एक दिवस बाहेर येईना. आतला रबरी पट्टा ढिला झाला होता. मी आधी माझ्या मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकाचं रबर घालून पाहिलं. जाड पडलं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची बारीक गोल पट्टी कापली, कापडाच्या कात्रीने. कात्रीची धार गेली पण कप्पा चार वर्षं आत-बाहेर झाला. मिस्त्रीने पाहिलं तेव्हा म्हणाला, "टेलरभाऊ, तू शिवणं सोड, माह्या दुकानात येऊन बस." त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

तिसरा डीव्हीडीचा, चौथा मुलाने यवतमाळच्या होस्टेलवरून आणलेला गळ्यात अडकवायचा छोटा. डीव्हीडीवाल्याबद्दल सांगण्यासारखं नाही. दीडशे गाणी एका चकतीत मावायला लागली आणि त्यातलं एकही पाठ झालं नाही. छोट्याचं मात्र ऐका. पायमशीन चालू असताना तो टेबलावर ठेवला की टाक्या-टाक्याला गाणं उडी मारायचं. मुलगा म्हणाला यात धक्का सोसायची सोय आहे, तो थोडं पुढचं आधीच वाचून पोटात ठेवतो आणि धक्का बसला की पोटातलं वाजवतो. असेल, पण पायमशीनचा धक्का काही एकदाच बसत नाही, तो दिवसभर बसतो. त्याचं पोट रिकामं व्हायचं. शेवटी अस्तराच्या कापडाची झोळी शिवून वरच्या आढ्याला टांगली, पाळण्यासारखी. त्यात तो शांत वाजला. गिऱ्हाईक विचारायचं, "लेकरू कोणाचं झोपलं हाये?"

आता मूळ गोष्ट.

थ्री-इन-वनला कॅसेट भरायची सोय होती आणि समोर बारीक माइक होता. १९९९च्या भुलाबाईत मी आईला आणि तिच्या सोबतच्या चार म्हाताऱ्यांना दुकानात बसवलं. भुलाबाई म्हणजे काय ते पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलोबा-भुलाबाईची मातीची मूर्ती बसवतात, रोज संध्याकाळी पोरी घरोघरी जमून गाणी म्हणतात, शेवटी डबा हलवून आत खाऊ कोणता ते ओळखायचं. आमच्या आईला या गाण्यांचा साठा होता. सासरचं, माहेरचं, चुकलेल्या वेणीचं, हरवलेल्या फणीचं. "मले कायले गाऊ लावता, माह्या दातात आता हवा जाते," म्हणत बसली आणि तासभर उठली नाही. बावीस गाणी झाली. अधूनमधून कोंबडा आहे, एके ठिकाणी मी "आई, जरा मशीनकडे सरक" म्हणालेलं आहे.

२००६मध्ये ती कॅसेट चिकटायला लागली. दारव्ह्याच्या एका फोटो स्टुडिओत नेली. तिथला पोरगा म्हणे, एवढंच कशाला, एमपीथ्री करून देतो, अजून शंभर गाणी मावतील. मी म्हणालो, मला शंभर नकोत, माझ्या जुन्या डब्यावर वाजली पाहिजे, साधी ऑडिओ कर. जुना प्लेअर एमपीथ्री ओळखत नाही एवढं मला कळत होतं. आज वाटतं, आयुष्यात एक निर्णय बरोबर घेतला तो हा. एक निर्णय चुकीचा झाला तो पण तिथेच. पोराने वरून गोल कागद छापून चिकटवला, भुलाबाईचं चित्र, आईचं नाव, तारीख. फार सुंदर दिसत होतं, मी खूश. कॅसेट घरी आणली, तिच्यावर मुलाने पुढे काहीतरी भरलं. सीडी झाली, आता कॅसेट कशाला, असं मलाही वाटलं होतं.

त्याच आठवड्यात भजनी मंडळाचीही एक सीडी त्याच पोराकडून केली होती. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मंडळ गुरुकुंज मोझरीला जायचं, तिथे म्हणायच्या भजनांची तालीम मी टेप केली होती. खंजिरी, टाळ, आणि पेटीवर गावातला एक कास्तकार. त्याचा हात फार गोड. जुलैमध्येच पंतप्रधान विदर्भात येऊन सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते, त्याच्या बातम्या चालू होत्या. पेटीवाला त्याच वर्षी गेला. कसा गेला ते यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. घरातल्या लग्नाचा एक ग्रुप फोटो सोडला तर त्याचं या जगात जे उरलं आहे ते त्या सीडीवर आहे.

आई २०११ला गेली. पुढे मोबाइल आले, पेनड्राइव्ह आले, मुलगा पुण्याला गेला, माझे डोळे कमी झाले, सीड्या पेटीत गेल्या. प्रत्येकीला मी उरलेल्या अस्तराचं पाकीट शिवलेलं आहे, ते मात्र खरं. पाचवा प्लेअर म्हणजे मुलाच्या जुन्या लॅपटॉपमधला, तो लॅपटॉपसोबत गेला. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला फटच नाही. मी सगळीकडून चाचपून पाहिला.

आणि मग यंदा आपला फोटो आला. सूनबाईने वाचला. घरात सीड्या पडलेल्या, वावरात ज्वारीला दाणा भरत आलेला, पाखरांचा थवा. तिने आणि नातवाने मिळून पेटी उघडली. मी त्या दिवशी मापं घ्यायला दुसऱ्या गावी होतो. एकूण एकतीस सीड्या भोकातून दोरा ओवून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेने टांगल्या गेल्या. दोरा माझाच, चाळीस नंबरचा पांढरा. पाकिटं तिने घडी करून परत पेटीत ठेवली, वाया जाऊ नयेत म्हणून. मी वावरात जातोच कधी? गुडघे.

कोजागिरीला भुलाबाईसाठी ज्वारीचे धांडे लागतात, पाच धांडे उभे करून मखर करतात. नात म्हणाली, आजोबा, चला तोडायला. गेलो. धुऱ्यावर चकत्या फिरत होत्या, उन्हात वावरभर ठिपके नाचत होते, चांगलं दिसत होतं, हे मी नाकारत नाही. एकीवर काहीतरी रंगीत लोंबत होतं. जवळ गेलो. कागद होता. हस्ताच्या पावसाने भिजून सुटलेला, आणि कागदासोबत चकतीची चांदी पण सोलून आलेली. कागदावर आईच्या नावातली पहिली दोन अक्षरं वाचता येत होती.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण हा गैरसमज मी पन्नास माणसांत तरी पाहिला आहे. सगळे सीडीची चकाकती बाजू जपतात आणि नावाची बाजू खाली करून टेबलावर आपटतात. उलटं आहे. चकाकत्या बाजूला वर चांगला जाड प्लास्टिकचा थर असतो, त्यावरचा ओरखडा दात घासायच्या पेस्टने घासूनही पुष्कळदा निघतो. गाणं असतं ते नावाच्या बाजूला, वार्निशच्या पातळ थराखाली. तिथे नखाने चांदी निघाली तर तिथलं गाणं गेलं, त्याला पेस्ट नाही. घरी भरलेल्या सीडीत तर गाणं रंगाच्या थरात जाळून लिहिलेलं असतं आणि ऊन त्या रंगाचा वैरी. कंपनीची छापील सीडी उन्हात टांगली तर एखादवेळी टिकेल, घरी भरलेली टिकत नाही. आणि नेमक्या घरी भरलेल्यांतच आपली माणसं असतात. सिनेमाची गाणी काय, कुठेही मिळतील.

घरी येऊन कोणाला काही बोललो नाही. सूनबाईला काय बोलणार, तिने आईला पाहिलेलंही नाही. सीडी मऊ कापडाने पुसली, भोकापासून काठाकडे. डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली. बराच वेळ घुर्र-घुर्र केलं आणि पडद्यावर 'नो डिस्क'. पुन्हा घातली, पुन्हा तेच. मग माळ्यावरून थ्री-इन-वन काढला. पंचवीस वर्षांपूर्वीचा, आगपेटीची काडी खुपसलेला. लेन्सवर धूळ होती, कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसली, मशीनचं तेल बाजूच्या दांडीला एक थेंब. सीडी ठेवली. फिरली. थांबली. पुन्हा फिरली. आणि आकडा आला, बावीस.

चांदी काठाकडून आत बोटभर सोलली होती, तीही एकाच बाजूला. पण चकती फिरते, एका बाजूला खड्डा असला तरी दर फेऱ्याला तो आडवा येतोच. आत मात्र चांदी शाबूत होती. मघाशी सांगितलं तसं, गाणी आतून सुरू होतात. पहिलं वाजलं. दुसरं वाजलं. कोंबडा आला, "आई, जरा मशीनकडे सरक" आलं. सूनबाई दाराशी उभी होती, आत आली, खाली बसली. तेरा पूर्ण वाजली. चौदावं अर्धं होऊन टक-टक-टक करत एका शब्दावर अडकलं, आणि तो शब्द 'माहेर' होता. पुढची आठ गेली. मी नातीच्या हातात मोबाइल दिला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लावून स्पीकरसमोर भरून घेतलं. त्यात आता शेजारचा नवा कोंबडा पण आहे.

भजनाची सीडी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीच्या सावलीत होती. कागदही तिच्यावर नव्हता, नुसती शाईने लिहिलेली होती. ती पूर्ण वाजली. पेटीवाल्याचा मुलगा आता तिशीचा आहे, मालवाहू गाडी चालवतो. बोलावलं. त्याला बापाचा आवाज आठवत नव्हता. सीडीत बाप गात नाही, पेटीच वाजवतो, पण तिसऱ्या भजनाआधी कोणत्या पट्टीत गायचं ते सांगायला "काळी दोन धरा जी" म्हणतो. तेवढंच. मुलाने ते नऊ-दहा वेळा लावायला सांगितलं. मी बटण दाबत राहिलो. शिवायचं काम त्या दिवशी झालं नाही.

संपादक साहेब, म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक आपल्याकडे. पुढच्या वेळी तो फोटो छापाल तेव्हा खाली एवढी ओळ घाला की हाताने नाव लिहिलेली सीडी टांगू नका, आधी वाजवून पाहा. दुसरी तालुक्याच्या ग्रंथालयांकडे. सरकारी अनुदानावर चालणारी ग्रंथालयं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांतल्या निदान तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयाने एक चालू सीडी प्लेअर आणि संगणकाला बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह ठेवावा, आणि कोणी घरची सीडी घेऊन आलं तर पेनड्राइव्हवर उतरवून द्यावी. ड्राइव्ह दीड-दोन हजारांत येतो. आमच्या भागात लग्नाच्या, भजनाच्या, दंडारीच्या, कीर्तनाच्या सीड्या घरटी दोन-तीन निघतील. २००० ते २०१०मधल्या. त्याच्या आधीचं कॅसेटवर होतं ते बहुतेक गेलं, त्याच्या नंतरचं मोबाइलमध्ये आहे. मधली दहा वर्षं या चकत्यांवर अडकली आहेत आणि त्या वाजवणारे डबे भंगारवाला किलोवर नेतो आहे. मागच्या महिन्यात त्याच्या बंडीवर मी तीन मोजले. एक घेतला, साठ रुपयांना. चालत नाही, पण लेन्स चांगली आहे. हा सहावा धरायचा की नाही ते ठरलेलं नाही, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तोवर ज्यांना घाई आहे त्यांनी माझ्याकडे यावं. थ्री-इन-वन दुकानात मांडून ठेवला आहे. पैसे नाहीत. सीडी पिशवीत नाण्या-किल्ल्यांसोबत आणू नका, कापडात गुंडाळून आणा, आणि वर कागद चिकटवलेला असला तर तो काढायला जाऊ नका, तसाच राहू द्या. एमपीथ्री असली तर माझ्याकडे वाजणार नाही, डीव्हीडीवर पाहू. सोमवारी येऊ नका, आमचा बाजार असतो. दुपारी दोन ते चार लाइट नसते.

माझं नाव, गाव आणि फोन आपल्या कार्यालयासाठी सोबतच्या चिठ्ठीत लिहिला आहे. छापू नये, विचारणाऱ्याला द्यावा. गावात टेलर दोनच आहेत आणि दुसऱ्याकडे सीडी प्लेअर नाही.

आपला नियमित वाचक,
एक टेलर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ